जुन्या मापाची नळी

सून परवा जाणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच त्यावर बोलत नव्हतं. डोंगरावरच्या एका रोपवाटिकेत तिला नोकरी लागली होती, राहायला खोलीही मिळाली होती. मुलगा जाऊन वर्ष झालं. तरणीताठी पोर किती दिवस सासू-सासऱ्यांची तोंडं बघत बसणार? तिने जायलाच हवं, असं तिच्या सुतार सासऱ्यानेच आधी म्हटलं होतं, आणि म्हटल्यापासून त्याच्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

सुनेने घरातलं काही मागितलं नाही. फक्त नवऱ्याची सायकल मागितली. डोंगरवाटांसाठीच घेतलेली, जाड टायरची, पुढचं चाक धरणारा शॉकअपचा चिमटा असलेली. मुलगा आजारी पडला तेव्हापासून ती सुताराच्या कामाच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. चिमट्याच्या दांड्यांवर गंज चढला होता, तेल गळून फरशीवर डाग पडला होता, आणि हँडलवर कितीही भार दिला तरी शॉकअप ढिम्म हलत नव्हता.

चिमटा मी बदलतो, सुतार म्हणाला. सायकलवाल्याकडे द्या की, त्याचं पोट त्यावरच आहे, असं बायकोने सुचवून पाहिलं. पण आपला हात जगन्नाथ! आणि खरं सांगायचं तर सुनेला द्यायला त्याच्यापाशी हातच्या कामाशिवाय दुसरं होतं तरी काय? चार मायेचे शब्द बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

सायकलवाल्याने नवा चिमटा दिला तो उपदेशासकट. हँडल ज्यावर बसतं ती चिमट्याची वरची नळी मुद्दाम लांब ठेवलेली असते, ती आपल्याला हवी तेवढी कापायची. सुनेच्या कंबरेचं दुखणं त्याला ठाऊक होतं. "तिला हँडल उंच लागेल. आत्ताच कापू नका, काका. हँडलखाली कड्या घालून उंच बसवा, तिला बसून बघू द्या. कापलेली नळी काही वाढत नाही." सुताराने मान डोलावली आणि मनात म्हणाला, कालचं पोर मला करवत शिकवतंय.

दुसऱ्या दिवशी त्याने काम काढलं. पुढचं चाक उतरवलं, ब्रेक सोडवून दोरीने बाजूला टांगला, हँडल सैल केलं. जुना चिमटा खालून ओढून येईना. वरून लाकडी हातोडीचे टोले बसले तेव्हा कुठे कुरकुरत उतरला. त्याच्या बुडाशी घट्ट बसलेली बेअरिंगची कडी त्याने चारी बाजूंनी हलकेच ठोकत काढली आणि नव्यावर चढवली. बेअरिंग पुसून ग्रीस भरलं. हात चालू लागले तसा जीवही हलका झाला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तो गुणगुणू लागला.

मग त्याने जन्मभर केलं तेच केलं. खुर्चीचा मोडका पाय असो की दाराची फळी, जुना तुकडा नव्याशेजारी ठेवायचा, बुडं जुळवायची, पेन्सिलीने खूण करायची आणि कापायचं. टेपने मोजणाऱ्यांची तो थट्टा करायचा. त्याने दोन्ही चिमटे शेजारी ठेवले, खूण केली, नळी शिकंज्यात आवळली आणि लोखंड कापायची करवत चालवली. कापलेला तुकडा टणकन फरशीवर पडला. कानशीने कड गुळगुळीत करताना त्याने तो पायाने बाजूला सारला.

संध्याकाळी सून अंगणात सायकलवर बसली. शॉकअप लोण्यासारखा दबत होता. पण हँडल हाताला लागेपर्यंत तिला इतकं वाकावं लागलं, की समोर बघायला मान वर करताना तिचे ओठ आवळले गेले.

"छान झालीये, बाबा," ती म्हणाली.

ही बैठक सुताराच्या ओळखीची होती. मुलाला असंच हँडलवर ओणवं होऊन सायकल पिटाळायची हौस; त्यापायी त्याने नळी पार आखूड करून घेतली होती. जी आता या सायकलवर बसणार होती, तिचं माप सुताराने घेतलंच नव्हतं. जो कधीच बसणार नव्हता, त्याच्यासाठी त्याने दिवसभर राबून काम केलं होतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"मी त्याच्या मापाने कापली गं," तो म्हणाला. मुलाविषयी वर्षभरात त्याने काढलेला हा पहिला शब्द.

"माहीत आहे. तुम्ही खूण करत होता तेव्हा मी दारातच होते. सायकलवाल्याने मलाही सांगितलं होतं, तेच सांगायला आले होते."

"मग थांबवलं का नाहीस?"

"तुम्ही गुणगुणत होता. तो शेजारी बसलेला असला की गुणगुणायचात, तसं. माझ्याने ते मोडवलं नाही."

सुतार पायरीवर बसला आणि रडला. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. बायको आतून दारापर्यंत आली, दोघांकडे पाहून तिथेच चौकट धरून उभी राहिली.

मग तो उठला, खोलीत गेला आणि खोक्याच्या तळातून धूळ खात पडलेला टेप घेऊन आला. वर उचललेलं, उंच हँडल मिळतं, तो म्हणाला, सकाळी आणतो. सायकलवाला चार शब्द ऐकवेल ते ऐकून घेईन.

"हात वर धर. कंबर दुखणार नाही तिथे. आणि हलू नकोस."

तिने हात हवेत धरले. सुताराने हँडलपासून तिच्या मुठीपर्यंत टेप ताणला, पण आकडे त्याला दिसेनात.

"तूच वाच," तो म्हणाला.

तिने वाकून पाहिलं. तिलाही नीट दिसलं नाही, आणि वाकल्याने हातही हलले होते. मग दोघांनी पुन्हा मोजलं.