समुद्राकडे लावलेला कान

मित्रांनो, बंदरापलीकडच्या टेकाडावर काँक्रीटची एक भलीमोठी परात उभी करून ठेवलेली तुम्हाला दिसेल. सहलीला येणारी मुलं मला परातच म्हणतात. पण मी परात नाही. मी एक म्हातारा कान आहे, आणि आता मला कुणी काही ऐकायला सांगत नाही.

लढाई सुरू झाली तेव्हा गवंड्यांनी मला ओतलं आणि आतून घासून गुळगुळीत केलं. शत्रूची विमानं दिसण्याआधीच त्यांची घरघर माझ्या पोटात गोळा व्हायची. समोर लोखंडी दांड्यावर एक कर्णा होता. त्याच्या नळ्या डॉक्टरांसारख्या कानात घालून कानसेनकाका बसायचे. पूर्वी ते वाद्यं दुरुस्त करत. भरलेलं विमान जड घुमतं, बॉम्ब टाकून परतणारं हलकं, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. धक्क्याला आमच्या सैन्याची रसद घेऊन जहाजं लागायची आणि शत्रूचा डोळा त्यांच्यावरच होता. आमच्यामुळे कितीतरी जहाजं वेळेत बाहेर पडली. तेव्हा माझं कोण कौतुक होतं. मोठमोठे साहेब येऊन माझ्या पाठीवर थाप मारून जात.

एक गोष्ट मात्र तेव्हाही डाचायची. माझं तोंड समुद्राकडे आणि पाठ गावाकडे. विमानं येताना ऐकू यायची, परतताना ऐकू यायची. मधल्या वेळात गावात काय झालं, ते मला ऐकू यायचं नाही.

काकांचा फोन धक्क्याजवळच्या टेलिफोन कचेरीत लागायचा आणि तो उचलायची त्यांचीच मुलगी. ती भोंगा वाजवायला सांगायची, एकेका जहाजाला कळवायची आणि सगळ्यांत शेवटी तळघरात जायची. फोनवर नातं काढायचं नाही, कामाखेरीज शब्द बोलायचा नाही, असा कडक नियम होता. म्हणून बाप लेकीला म्हणायचा, "अहो, लिहून घ्या."

सुट्टीच्या दिवशी ती डबा घेऊन यायची आणि हसत सुटायची. "बाबा, तू मला अहो म्हणतोस ना, तेव्हा ओठ चावून बसावं लागतं मला."

"मग काय अगं म्हणू? नोकरी घालवशील माझी," काका म्हणायचे. मला ही दोघं फार आवडायची.

एका संध्याकाळी वारा उलटा होता. घरघर माझ्यापर्यंत पोचली तेव्हा विमानं फार जवळ आली होती. काकांनी घाईघाईने फोन लावला. "अहो, लिहून घ्या. आठ-दहा आहेत. भरलेली. अगदी जवळ."

"लिहिलं." नेहमी ती लगेच फोन ठेवायची. त्या दिवशी तिने विचारलं, "ठेवू?"

काकांना म्हणायचं होतं, तू निघ आता. पण ती निघाली असती तर जहाजांना कुणी कळवलं असतं?

"हो, ठेवा," ते म्हणाले.

विमानं डोक्यावरून गेली आणि हलकी होऊन परतली. काकांना चौकी सोडता येईना, कारण मागून दुसरी तुकडी येण्याची भीती होती. ती आलीच. त्यांनी पुन्हा फोन लावला. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला.

"बोला." आवाज लेकीचा नव्हता.

काका म्हणाले, "अहो, लिहून घ्या."

जहाजं वाचली. लेक मात्र गेली. शेवटच्या जहाजाला कळवून उठताना कचेरीची भिंत तिच्या अंगावर कोसळली होती.

पुढे रडार आलं. माझा कर्णा भंगारात गेला आणि वाट गवताने बुजली. काका मात्र येत राहिले. माझ्यासमोर बसून हळूच म्हणायचे, "तू निघ आता." मी ते शब्द जसेच्या तसे परत द्यायचो. त्याहून जास्त मला काही येत नव्हतं, याचं फार वाईट वाटायचं. आता काकाही नाहीत.

मित्रांनो, माझ्या अंगावर नावं कोरू नका, भेगांतून पाणी आत शिरतं. आलात तर घटकाभर गप्प बसा माझ्याजवळ. आणि घरी कुणाला फोन केलात, तर ठेवण्याआधी कामाखेरीजचा एक शब्द बोला. तुम्हाला तर कसला नियम नाही.