पुराव्यातलं पीस

दावा हरायचा असा पक्का बेत करून सुनावणीला आलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या करड्या खोलीत, डुगडुगत्या खुर्चीवर, त्या सकाळी तो बसला होता. धंद्यानं उशीवाला, वय बासष्ट, आणि तोंड असं की घरचे लोकही त्याच्या बोलण्यातलं रुपयाला चार आणेच खरं धरायचे.

लहानपणी दूध सांडलं तर स्वयंपाकघरात मांजर नाही, चित्ता शिरलेला असायचा. शाळेला उशीर झाला तर पुलाखालची नदीच त्या दिवशी दुसरीकडे गेलेली असायची. आईबापांमागे त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं. ताई त्याच्या लोणकढी थापा ऐकून आधी कान पिळायची, मग हसायची. हे पन्नासेक वर्षं चाललं. पाच महिन्यांपूर्वी बंद झालं.

ताई दूरच्या शहरात मुलाकडे राहायची. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. "आत नेतील तेव्हा तू समोर हवास," एवढंच तिनं मागितलं. आयुष्यात तिनं त्याच्याकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. आदल्या दुपारचं विमान होतं. हा तीन तास आधी जाऊन बसला. ऐन वेळी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "विमान रद्द. पक्षी धडकला."

त्यानं तिथूनच फोन लावला. "ताई, विमानाला पक्षी धडकला गं!"

"आजच्या दिवशी तरी नको रे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुढचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं मिळालं. तो पोचला तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. ताईनं डोळे उघडले, त्याला पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर एक अक्षर नाही.

म्हणून त्यानं भरपाईचा अर्ज ठोकला. नियम सोपा होता. विमान रद्द केलं तर कंपनीनं प्रवाशाला भरपाई द्यायची. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल, म्हणजे वादळ म्हणा, पक्षी म्हणा, तर द्यायची नाही. थोडक्यात, पैसे वाचवायचे तर कंपनीला पक्षी सिद्ध करावा लागणार, आणि तो शिक्क्यानिशी निकालात उतरणार. तो निकाल ताईपुढे ठेवायचा. भरपाई गेली खड्ड्यात!

बेतात एकच माशी शिंकली. त्या विमानाच्या आणखी एकशे बारा प्रवाशांनी आपले अर्ज याच्याच अर्जाला जोडून दिले. आता हा हरला की सगळेच हरणार होते.

सुनावणीची नोटीस त्यानं ताईला पाठवली होती. ती येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ती आली. काठी टेकत शेवटच्या बाकावर जाऊन बसली, आणि त्याच्याकडे सोडून सगळीकडे पाहत राहिली.

कंपनीची वकीलबाई उठली. बोलणं इस्त्री केल्यासारखं. "साहेब, पक्षी इंजिनात गेला. इंजिन उघडून तपासावं लागलं. यात कंपनीचा काय दोष?"

"पुरावा?" सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यानं पेन्सिल न थांबवता विचारलं.

तिनं एक पारदर्शक पाकीट टेबलावर ठेवलं. वर चिठ्ठी, आत एक पांढरं पीस. "इंजिनातून काढलेलं."

उशीवाल्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ताईकडे वळून पाहावं असंही वाटून गेलं. मग त्यानं पाकीट उचलून उजेडात धरलं, आणि उलटून पुन्हा पाहिलं.

पीस बदकाचं होतं. धुतलेलं, वाफ दिलेलं, दांडी मशीनवर वाकवलेली. उशीत टोचू नये म्हणून दांडीचं टोक सरळ कातरलेलं. असली पिसं त्याच्या हाताखालून किती गेली म्हणाल, तर त्यांच्या उशा एकीवर एक रचल्या असत्या तर विमान त्यांनाच धडकलं असतं. इंजिनातून निघालेलं पीस असं न्हाऊनमाखून बसत नाही. हे आलं होतं कुठल्यातरी उशीतून.

"अर्जदार, पुराव्याला काही हरकत?"

फक्त 'नाही' म्हणायचं होतं. थाप दुसऱ्यानं मारली होती, शिक्का सरकार मारणार होतं, याला तोंडसुद्धा उघडायला नको होतं. एवढी तयार थाप त्याला जन्मात कुणी आणून दिली नव्हती. मागच्या बाकावर काठी जराशी सरकली.

"अर्जदार?" अधिकाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. "हरकत नसेल तर मी पुरावा मान्य करतो."

पेन्सिल कागदाला टेकली. आणि त्याच्या मनात आलं, आजवर ताईला हजार थापा मारल्या, पण प्रत्येक थापेत चित्त्याची शेपूट बाहेर दिसेल अशी सोय ठेवली. ही थाप तिला पकडता आली नसती.

"थांबा," तो म्हणाला. "हे उशीतलं पीस आहे."

वकीलबाई हसली. "आजोबा, पराचा कावळा करू नका."

"तो तुमच्या कंपनीनं केला, बाई. मी कावळ्याचा परत पर करतोय. टोक बघा. कातरलेलं आहे. आभाळात न्हावी बसतात का?"

अधिकाऱ्याची पेन्सिल थांबली. वकीलबाईनं मात्र फाइलमधून याचाच अर्ज काढला. "पक्षी धडकल्याचं बहिणीला कळवलं, असं तुम्हीच लिहिलंय. मग खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

उशीवाल्यानं टेबलाची कड धरली.

"मला सांगितलं ते मी सांगितलं," तो म्हणाला. "ते खोटं निघतंय. पण तिला ते ऐकू आलं माझ्याच तोंडून. आता आणखी काय सांगू?"

"भरपाईसाठी माणूस काहीही बोलतो," वकीलबाई म्हणाली.

अधिकाऱ्यानं मान हलवली. "नुसत्या तुमच्या शब्दावर मी पुरावा कसा नाकारू?"

खट्, खट्, खट्. काठी पुढे आली.

"साहेब, मी याची बहीण," ताई म्हणाली. "याची बाजू घ्यायला आले नाही. पाच महिने याच्याशी बोलतच नाही. पण पिसं निवडायला याला मीच शिकवलं. आणा इकडे."

"बहिणीची साक्ष?" वकीलबाई उसळली.

"बहिणीइतका याच्यावर अविश्वास दुसऱ्या कुणाचा आहे का, शोधून आणा. मग मी बसते."

अधिकाऱ्यानं ओठांवर आलेलं हसू खोकल्यात लपवलं आणि पाकीट तिच्यापुढे सरकवलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं. पाकिटावरूनच दांडी चाचपली, टोकावर अंगठा थांबवला. ताई उगाच वेळ लावत होती की काय, कोण जाणे. या बाबतीत तीही काही कमी नव्हती.

"उशीतलंच," ती म्हणाली. "आणि काम बेताचंच केलंय. आमच्याकडे असं चालवून घेतलं नसतं."

"इंजिन तपासल्याची नोंद दाखवा," अधिकारी वकीलबाईला म्हणाला.

तिनं फाइल चाळली. पहिल्यापासून चाळली, शेवटापासून चाळली. "मुदत हवी, साहेब."

"पाच महिने होते ना? पक्ष्याचा पुरावा फेटाळला. एकशे तेराही अर्जांना भरपाई मंजूर."

बाहेर जिन्याशी ताई थांबली. तो दोन पायऱ्या मागे, मार खाल्लेल्या पोरासारखा.

"मग त्या दिवशी विमानाला झालं तरी काय होतं?" तिनं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. "मला माहीत नाही, ताई."

ताईनं वळून त्याच्याकडे पाहिलं. मग कठड्याला हात लावला.

"लिफ्ट बंद आहे, तीन मजले उतरायचेत. तोवर काहीतरी बरं सांग."