लिडिया शेवटची नव्हती

आई गेल्यापासून व्हर्ना डॉर्सच्या घरात माणसाचा आवाज यायचा तो रेडिओचा, नाहीतर तिचा स्वतःचा. आईच्या आजारपणात ती वूस्टरमधली नोकरी सोडून हार्लो गावी परत आली होती. आई मागच्या हिवाळ्यात गेली. तिला ग्राफ्टनला, आपल्या निपमक या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांत पुरून व्हर्ना परत आली आणि हार्लोतच राहिली. का राहिली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मूलबाळ नाही, नवऱ्यापासून वेगळी होऊन जमाना झालेला. सकाळ-दुपार शाळेची बस चालवायची, संध्याकाळी सूप गरम करायचं आणि ओट्याशी उभ्यानेच पिऊन टाकायचं. एकटीसाठी टेबल कोण मांडतं?

अशात तिला ग्रंथालयाच्या दारावरची पाटी दिसली. आपल्या देशाच्या आरंभीच्या इतिहासाचा वर्ग, दर मंगळवारी सकाळी अकराला, काय खरं नि काय नुसतं ऐकीव, ते निवडून पाहू, कॉफी मिळेल. खरं म्हणजे कॉफीसाठीच ती आत गेली.

शिकवायला एलवुड स्प्रेग होते. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, सदरा बायको गेल्यापासून इस्त्रीचं तोंड न पाहिलेला. पण बोलायला लागले की माणूस ऐकतच राहायचा.

"सांगा बरं, सेलम गावात चेटकिणी म्हणून पकडलेल्या बायकांचं काय केलं?"

"जाळलं!" अख्खा वर्ग एका सुरात.

"एकीलाही जाळलं नाही. फासावर दिलं. एका म्हाताऱ्याला तर दगडांखाली चिरडलं. जाळण्याचं कुठून आलं? आपल्याला ते जास्त रंगतदार वाटतं, म्हणून."

मग इथे पहिल्यांदा वसलेल्या गोऱ्या लोकांच्या काळ्या कपड्यांची आणि बक्कलवाल्या टोप्यांची पाळी आली. ते म्हणे नंतरच्या चित्रकारांनी त्या बिचाऱ्यांच्या अंगावर चढवलेले. त्यांच्याकडे चांगले लाल, निळे, हिरवे कपडे होते. जुन्या घरांची दारं ठेंगणी, ती माणसं बुटकी होती म्हणून नव्हे, तर ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. प्रत्येक वेळी ते बोट वर करून म्हणायचे, "ऐकलं की आधी विचारायचं, हे कोण सांगतंय? आणि केव्हा सांगतंय?"

व्हर्ना हसायची. आपण मोठ्याने हसलो हे पहिल्या दिवशी घरी जाताना तिच्या लक्षात आलं आणि जरा अवघडल्यासारखंच झालं. शेजारच्या खुर्चीवर ग्लॅडिस टफ्ट्स नावाच्या बाई बसायच्या, आल्याची बिस्किटं आणायच्या. "घ्या हो, माझ्या घरी खायला कुणी नाही," म्हणायच्या. मंगळवार कधी येतो असं व्हर्नाला होऊ लागलं.

शेवटच्या मंगळवारी स्प्रेग सगळ्यांना जुन्या दफनभूमीत घेऊन गेले. मेपलची पानं गळून चिखलाला चिकटली होती. भिंतीच्या कडेला एका कबरीवर दगड उभा होता, त्यावर कोरलेलं: लिडिया डॉर्स, तिच्या लोकांतली शेवटची.

"आपण आलो त्याआधी ही जमीन ज्यांची होती," स्प्रेग हळू आवाजात म्हणाले, "त्यांच्यातली ही शेवटची. दारोदार टोपल्या विकायची. एका हिवाळ्यात झोपडीत एकटीच गेली. तिच्याबरोबर एक अख्खी जमात संपली." ग्लॅडिसबाईंनी रुमाल काढला.

व्हर्नाला लहानपणी आई इथे आणायची. दगडावरचं शेवाळ नखाने खरवडायची आणि म्हणायची, "ही माझ्या खापरपणजीची बहीण. हिला नमस्कार कर आणि दगडावर काय लिहिलंय ते विसरून जा."

"सर," व्हर्ना म्हणाली, "ती शेवटची नव्हती. तिला बहीण होती. बहिणीला मुलं होती. मी त्यांच्यातलीच."

सगळ्यांनी वळून पाहिलं. स्प्रेग मायेने हसले. "मिसेस डॉर्स, असं काहीबाही प्रत्येक घरात सांगतात हो. माझी आजी तर आम्हाला इंग्लंडच्या राजघराण्यातले ठरवून बसली होती! म्हणून तर आपण हा वर्ग घेतो."

लोक हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

"अय्या, म्हणजे तुमच्यात त्यांचं रक्त किती टक्के?" ग्लॅडिसबाईंनी विचारलं.

"आज मंगळवार ना? आज पूर्ण," व्हर्ना म्हणाली. मग स्प्रेगांकडे वळली. "हा दगड कोणी उभा केला, सर? आणि केव्हा?"

स्प्रेग वाकून दगडावर तारीख शोधू लागले. तेवढ्यात कुणीतरी पाऊस येतोय म्हणालं आणि मंडळी गाड्यांकडे निघाली. व्हर्नाला कुणी हाक मारली नाही. ती भिजेपर्यंत तिथेच उभी राहिली.

काही आठवड्यांनी स्प्रेग तिच्या दारात आले. टोपी हातात, बूट बर्फाने भरलेले.

"दगड गावाच्या वर्धापनदिनाला उभारला," ते उंबऱ्यावरूनच म्हणाले. "लिडिया जाऊन तेव्हा साठ वर्षं झाली होती. उभारणाऱ्यांतल्या एकानेही तिला पाहिलेलं नव्हतं. मी ग्राफ्टनलाही जाऊन आलो. तुमच्या लोकांना विचारलं."

"आत या. दार उघडं राहिलं की ऊब जाते, तुम्हीच शिकवलंत."

तिने मका-घेवड्याचं कालवण पुढे ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी स्वतःही टेबलाशी बसली. स्प्रेग खाली मान घालून जेवत होते.

"तुमच्यापैकी कुणी आधी का नाही हो सांगितलं?"

"सांगितलं की. आई दोनदा आली होती गावच्या इतिहास कमिटीपुढे, दगड बदला म्हणायला. चांगला कोट घालून, लिडियाच्या हातची टोपली घेऊन. तुम्ही होतात कमिटीवर."

स्प्रेगांचा चमचा थांबला. बराच वेळ ते आठवत राहिले. आठवायचा अगदी प्रामाणिक प्रयत्न करत होते, तिला दिसत होतं.

"मला आठवत नाही," ते शेवटी म्हणाले.

"तेच ना."

जाताना ते म्हणाले, दगड बदलायला लावतो. आणि त्यांनी खटपट केलीही. कमिटीने ऐकून घेतलं आणि दगड आता स्वतःच ऐतिहासिक झालाय, त्याला हात लावता येणार नाही, असं ठरवलं. फार तर शेजारी एक छोटी पाटी लावू, वसंतात बघू. वसंत आला तसा गेला. स्प्रेगांनी पुन्हा वर्ग भरवला आणि दगडाची खरी हकीकत सांगितली. पण या खेपेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. व्हर्ना गेली नाही. ग्लॅडिसबाई किराण्याच्या दुकानात भेटल्या की हवेबद्दल बोलायच्या.

एका दुपारी बस लावून ती दफनभूमीत गेली. दगड खोटं बोलत होता, यात शंका नव्हती. पण हार्लोत आता आपल्यामागे कोण? आई गेली, बाकीचे केव्हाच ग्राफ्टनला नाहीतर वूस्टरला गेले. तिने नुसतं घर विकलं असतं, तरी या गावापुरता तो दगड खराच ठरला असता. हे तिच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आल्यावर ती ओल्या गवतावरच बसली.

दुसऱ्या दिवशी ती गावच्या कचेरीत गेली आणि लिडियाच्या शेजारची जागा स्वतःसाठी मागितली.

"त्या कडेला कुणी घेत नाही," कारकून म्हणाला. "शेजारची कबर कुणाची? नातं?"

"माझी आजी लागते," व्हर्ना म्हणाली. त्याने मान वर न करता तसंच लिहून घेतलं.

रात्री तिने ग्राफ्टनला मावसबहिणीला फोन केला. रोझेला भडकलीच. "वेडी झालीस का गं? मावशी इथे, आपली सगळी इथे, आणि तू तिकडे त्या परक्यांत एकटी पडून राहणार?"

"लिडिया आहे ना."

"अगं, तिला जाऊन दीडशे वर्षं होत आली!"

"हो," व्हर्ना म्हणाली, "तेवढी वर्षं एकटीच आहे ती."

तिकडे कुणाची तरी भांडी वाजत होती, मुलं भांडत होती, कुणीतरी हसत होतं. फोन ठेवायचं व्हर्नाच्या जिवावर आलं. ती ऐकत राहिली.