ओढ्याच्या वळणावरची जागा

माझ्या मुलाला ‘नाही’ म्हणता येत नाही. लोकांना वाटतं हा गुण आहे. चर्चच्या स्वयंपाकघरात बायका मला म्हणतात, "सेल्मा, तुझा केल्विन किती मऊ ग." मऊ लोणी असतं तसा मऊ चिखलही असतो. केल्विन ‘नाही’ म्हणत नाही आणि ‘हो’ही म्हणत नाही. तो म्हणतो, "बघू, आई." माझ्या मागच्या दाराची कडी निखळली तेव्हा बघू. तळघरात पाणी आलं तेव्हाही बघूच. शेवटी पाणी आपलं आपणच आटलं. त्याचा बाप गेल्यापासून माझे सगळे उन्हाळे या एका शब्दात भिजत पडलेत.

उन्हाळा म्हणजे आमच्यासाठी डोंगर. कॅनडातल्या आमच्या कॅमरोजकडची जमीन इतकी सपाट की कुत्रा पळून गेला तरी दोन दिवस दिसत राहतो, असं इथले लोक म्हणतात. वर्षभर ती सपाटी बघून बघून डोळे चपटे होतात. मग ऑगस्टमध्ये गवताचे गठ्ठे बांधून झाले की माझा नवरा आर्ने ट्रकला ट्रेलर जोडायचा. चाकांवरचं घरच ते. चूल, मोरी, पलंग, सगळं त्यात. पश्चिमेला तोंड करून निघायचं आणि हिंटन गाव मागे पडलं की समोर डोंगर उभे.

आमची जागा ठरलेली. एल्क-बेंडच्या कॅम्पात अगदी टोकाला, ओढ्याच्या वळणावर. आर्ने ट्रेलर मागे मागे घ्यायचा आणि मी पाठीमागे उभी राहून हातांनी खुणा करायची. डावीकडे, अजून डावीकडे, थांब. आमच्याकडे लग्नं चर्चमध्ये लागतात, पण टिकणार की मोडणार ते ट्रेलर मागे घेताना कळतं. आमचं टिकलं. तो माझ्या हाताकडे बघायचा, दुसरीकडे कुठे नाही. काठावर एक सपाट दगड होता. सकाळी कॉफीचा मग घेऊन मी त्यावर बसायची, आणि आर्ने हिमाच्या त्या पाण्यात आपल्या बिअरच्या बाटल्या उभ्या करून ठेवायचा. कुणी बोलायचं नाही. बोलायला वर्ष पडलेलं असायचं.

आर्ने गेला. ट्रेलर ओढायला माझ्याकडे ट्रक राहिला नाही, म्हणून तो मीच आपल्या हातांनी केल्विनला दिला. एकच गोष्ट सांगितली. "जेवणाच्या टेबलाचा जो पलंग होतो, तो माझा. मला न्यायचं." तेव्हा तो म्हणाला, "हे काय सांगायला हवं, आई?" त्याच्या तोंडून ‘बघू’ सोडून आलेलं तेवढं एक वाक्य मी जपून ठेवलं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात सुनेला सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ट्रकचं काहीतरी बिघडलं. गेल्या उन्हाळ्यात वणव्यांचा धूर. "यंदा कुणीच जात नाहीये, आई," केल्विन म्हणाला होता.

आमच्या चर्चमधली व्हर्ना मला दर वर्षी विचारते. तिच्याकडे एक म्हातारी कॅम्पर व्हॅन आहे. सायलेन्सर असा की ती गाडी काढते तेव्हा पाद्रीसुद्धा प्रवचन थांबवतो. "सेल्मा, चल माझ्याबरोबर. दोन विधवा आणि एक डबा." मी सगळ्यांसमोर सांगायची, "मला मुलगा आहे, व्हर्ना. तो नेतो मला." आणि लेफ्सेचं, म्हणजे बटाट्याच्या पोळ्यांचं, पीठ मळायला लागायची.

यंदा मात्र थांबणं परवडणारं नव्हतं. माझे दोन्ही गुडघे गेलेत. शरद ऋतूत कापाकापी आहे, आणि त्यानंतर ट्रेलरची पायरी चढता येईल का, हे माझ्या डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. तो दगड, ते वळण बघायचं तर याच उन्हाळ्यात.

म्हणून जानेवारीत, बाहेर इंजिनं गोठू नयेत म्हणून ट्रकांना विजेच्या वायरी जोडून ठेवायची थंडी पडलेली असताना, केल्विनने रविवारी जेवायला बोलावलं आणि सहलीचा बेत ठरवायचाय म्हणाला, तेव्हा मी रुबार्बचा केक करून नेला. जेवणं झाल्यावर सून जनीनने टेबलावर नकाशा पसरला. तिला रंगीत पेनांची हौस.

"दोन रात्री हिंटनच्या अलीकडे," ती म्हणाली. "मग चार रात्री एल्क-बेंड. मग खिंड ओलांडून पलीकडे, गरम पाण्याच्या झऱ्यांना."

"खिंडीच्या उतारावर ब्रेक तापतात," मी म्हटलं. "आर्ने तिथे खालच्या गिअरमध्ये..."

"सेल्मा, नवीन ट्रकला ते सगळं आपोआप होतं."

"उतारही आपोआप सपाट होतो का?"

केल्विन हसला. जनीन हसली नाही.

"मी झोपणार कुठे ते सांगा," मी म्हटलं. "त्या पलंगाच्या गादीतला स्पंज बसलाय. नवी शिवायला घेते."

जनीनने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने केककडे बघितलं.

"बघू, आई. उन्हाळ्याला अजून वेळ आहे."

"वेळ आहे तर नकाशा कशाला पसरलाय?"

"आरक्षणाचं वेगळं असतं, आई. ते आत्ताच करावं लागतं."

"म्हणजे ओढ्याला घाई आहे, माझ्या गादीला नाही."

"केक छान झालाय," केल्विन म्हणाला.

मापाची टेप माझ्या पर्समध्ये होतीच. गाडीतून चष्मा आणते म्हणून उठले आणि मागच्या अंगणात गेले. गुडघाभर बर्फ. ट्रेलरचं दार गोठलं होतं, मुठीने दोनदा ठोकलं तेव्हा सुटलं. माझ्याकडची किल्ली अजून चालत होती.

आत थंड लोखंडाचा वास आणि उंदीर येऊ नयेत म्हणून ठेवलेल्या सुवासिक कागदांचा वास. पडदे माझेच होते, मी शिवलेले. पण टेबल नव्हतं. दोन्ही बाकं नव्हती. जमिनीवर स्क्रूची भोकं पांढऱ्या लांबीने बुजवलेली आणि त्यावर, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, कुत्र्याची गादी. जाड, लोकरीच्या अस्तराची. कडेला भरतकामात नाव, ‘डिझेल’. माप अगदी चोख. माझ्या अंगाचं इतकं नीट माप या घरात कुणी घेतलं नव्हतं.

कुत्र्याचा काही दोष नाही. मी आले की डिझेल शेपूट हलवतो. तेवढंही तिथे दुसरं कुणी करत नाही.

मी निघणार तेवढ्यात लांबीकडे लक्ष गेलं. ती वाळून पिवळी पडली होती, चिरलीही होती. हे काम काल-परवाचं नव्हतं. गादीला केस चिकटले होते. आणि खिडकीच्या फळीवर ओढ्यातले पांढरे गोटे मांडून ठेवले होते, पोरं मांडतात तसे. असे गोटे कॅमरोजमध्ये मिळत नाहीत. माझ्या दगडाभोवती मिळतात.

धूर होता म्हणे. कुणीच जात नव्हतं म्हणे.

मी दार लावून घेतलं. आत आले तेव्हा जनीनने विचारलं, "सापडला चष्मा?"

"सापडला," मी म्हटलं. "आता सगळं दिसतंय."

उरलेला केक डब्यात भरून मी घरी घेऊन गेले.

तरी त्या आठवड्यात मला वाटत होतं, केल्विन येईल. नाहीतर फोन करून म्हणेल, आई, असं असं झालं, जागा नाही, माफ कर. मी चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मग कुत्र्याला हाडं पाठवली असती. माझा तसा स्वभाव आहे. फोन आला, पण तो वेगळाच.

"आई, शनिवारी सकाळी आरक्षण उघडतंय. तुझा टॅबलेट घेऊन येशील?"

बोलावणं टॅबलेटला होतं. त्याचं काय आहे, त्या सकाळी अख्खं अल्बर्टा त्या जागांवर तुटून पडतं. संगणक सगळ्यांना रांगेत उभं करतो आणि नंबर वाटतो, लॉटरीसारखे. म्हणून प्रत्येक घरात जितकी यंत्रं असतील तितकी लावून बसतात. जनीनने माझ्या नावाचं खातंसुद्धा आधीच उघडून ठेवलं होतं. मी सहावीतून शाळा सोडली, गाईंच्या धारा काढायला घरी माणूस नव्हतं. पण त्या टॅबलेटवर मी पत्ते खेळते, तेव्हा बोट कुठे लावायचं ते मला कळतं.

मी गेले. का गेले ते विचारू नका. आई जातेच.

स्वयंपाकाच्या टेबलाभोवती सगळे बसले होते, केल्विन, जनीन आणि नातवंडं, प्रत्येकापुढे एक पडदा. डिझेल माझ्या पायांवर येऊन बसला. आठचे ठोके पडले आणि नंबर आले. केल्विनच्या पुढे हजारो माणसं. जनीनच्या पुढे त्याहून जास्त. ती पुटपुटली, "गेलं एल्क-बेंड."

माझ्या पडद्यावर रांगच नव्हती. थेट नकाशा उघडला होता.

"हे बघ रे, मला सरळ आत घेतलंय," मी म्हटलं.

खुर्च्या मागे सरकल्या. सगळे माझ्या पाठीमागे. जनीनने पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सेल्मा, हळू. काही चुकीचं दाबू नका. टोकाची, वळणावरची."

"मला माहीत आहे ती कुठे आहे," मी म्हटलं, आणि बोट लावलं.

मिळाली. जनीनने मला मिठी मारली. केल्विन कॉफी ओतायला उठला आणि म्हणाला, "आईने मैदान मारलं." थोडा वेळ, खरं सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेलच, आई, चल.

जनीन पडद्यावरचे खालचे नियम वाचत होती. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. "ज्याच्या नावावर आरक्षण आहे त्या व्यक्तीने मुक्कामाला हजर असलं पाहिजे." ती थांबली. "केल्विन, हे नाव बदलता येतं ना?"

त्याने वाकून वाचलं. "नाही येत. नाक्यावर परवाना तपासतात तिथे."

"पण मग..." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आपण धरून चाललो होतो की आपल्यापैकी कुणाला तरी मिळेल."

"आपल्यापैकी," मी म्हटलं.

केल्विनने मान खाजवली, अगदी लहानपणी कोंबड्यांचं दार उघडं टाकून यायचा तेव्हा खाजवायचा तशी.

"आई, थोडी दाटी होईल, पण... ते टेबल अजून गॅरेजमध्ये असेल. परत बसवता येतं का ते बघू."

"कुठलं टेबल?" मी विचारलं. "त्या टेबलाबद्दल तू मला काही सांगितलंच नाहीस."

त्याचे कान लाल झाले. जनीन उठून सिंकपाशी गेली आणि स्वच्छ कप पुन्हा धुवायला लागली.

मी ट्रेलरची किल्ली पर्समधून काढून त्यांच्या त्या रंगीत नकाशावर ठेवली. फोन काढला आणि तिथे बसूनच व्हर्नाला लावला.

"व्हर्ना, तुझी व्हॅन डोंगर चढते का?"

"देवाने ढकललं तर," व्हर्ना म्हणाली. "का ग? तुझा मुलगा नेतोय ना?"

माझंच हे वाक्य मला गिळावं लागलं, सगळ्यांच्या देखत. कोमट होतं, पण उतरलं. "ऑगस्ट मोकळा ठेव," म्हटलं आणि फोन बंद केला. उद्या चर्चमधल्या सगळ्या बायकांना कळेल. कळू दे.

कोट घातला. केल्विन दारापर्यंत आला. "आई, असं काय करतेस? मी ‘नाही’ म्हणालो का तुला?"

मी बूट चढवून उभी राहिले. त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि त्याला सांगितलं, "नाही म्हणाला असतास तर मी तुझी आई राहिले असते, केल्विन. तुझ्या बापाने मला शंभरदा नाही म्हटलं, पण ट्रेलर मागे घेताना माझ्या हाताकडे बघितलं. तू गोड बोललास आणि माझ्या पलंगाची भोकं बुजवलीस. ट्रेलर ठेव, कुत्र्याची झोप मोडायला नको. जागा माझ्या नावावर आहे, तिथे मी जाणार. आणि पुन्हा मला कधी ‘बघू’ म्हणू नकोस. तुझं ‘बघू’ बघून झालंय माझं."