टाकीच्या शिडीवरचा कॅमेरा

मित्रांनो, तुम्ही मुळीच घाबरू नका. घाबरायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा, आणि यंत्राला कसली आलीय भीती असं म्हणणार असाल तर आधी हे ऐका: माझ्या पोटात काचा आहेत. पोटात काचा घेऊन जिना उतरून बघा, मग बोलू!

पहिली भीती तर जन्मल्या जन्मल्याच बसली. कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायका आम्हाला अगदी फुलासारखं हाताळायच्या, म्हणून मी निर्धास्त होतो. आणि एक दिवस माझ्या शेजारच्या भावाला एका साहेबांनी उचललं आणि मुद्दाम, हो, मुद्दाम, टेबलावरून खाली सोडून दिलं. चाचणी म्हणे! तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून कुणी मला हातात घेतलं की आधी मी जमिनीकडे बघतो.

मला विकत घेतलं ते मामांनी. ते समारंभांचं चित्रीकरण करायचे. लग्नं, वाढदिवस, निरोपसमारंभ, जिथे माणसं नवे कपडे घालून जमतात तिथे आम्ही दोघं हजर. माझ्या कपाळावर एक लाल दिवा आहे. चित्रीकरण चालू झालं की तो पेटतो आणि तो पेटला की माणसं बिघडतात. छान खिदळत असलेल्या काकू एकदम पासपोर्टच्या फोटोसारख्या ताठ! म्हणून मामांनी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. त्यांना दिव्याची गरजच नव्हती. त्यांचा डोळा सतत माझ्या मागच्या नळीला चिकटलेला असायचा आणि चालू आहे की बंद, ते नळीत दिसतंच. "माझा हा पठ्ठ्या कधी दगा देत नाही," असं ते चारचौघांत सांगायचे. मी आतल्या आत फुगायचो.

मग नवा कॅमेरा आला. सडपातळ, चकचकीत. माझ्या बाजूचा पडदा तोवर तडकला होता आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे अंधार, धूळ, आणि खालच्या रस्त्यावरून रोज येणारी भंगारवाल्याची हाक. ती हाक जवळ यायची, आमच्या दारापाशी रेंगाळायची, आणि मी जीव मुठीत धरून बसायचो. मला मूठ नाही, पण जीव होता.

अशात एक दिवस कपाटाखालून आवाज आला.

"मामा, तो जुना कॅमेरा मला देशील?"

"तुला? कॅमेरा? तू पाल दिसली की दिवाणावर चढतेस!"

"पालीचं शूटिंग नाही करायचंय मला."

ही मामांची भाची. नववीत होती. घरीदारी तिला सगळे भित्रीभागूबाई म्हणत, पुढे नुसतं भागू झालं. ती गोष्टी लिहायची, ढीगभर, आणि त्या गादीखाली ठेवायची. शाळेच्या फलकावर कथास्पर्धेची सूचना लागली की रोज उभी राहून वाचायची, गोष्ट स्वच्छ अक्षरात उतरवून काढायची, आणि पाठवायची मात्र नाही. शेवटची तारीख उलटून गेली की हिला हायसं वाटायचं. सुटले बाई एकदाची!

या वेळी फलकावर निराळंच काही होतं. सोळा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी लघुपट स्पर्धा, विषय 'धाडस'. निवडलेल्या मुलांना चित्रपट बनवायला शिकवणाऱ्या शिबिरात जागा मिळणार होती. भागूला ते शिबिर हवं होतं. इतकं हवं होतं, की तिने कधी नव्हे ते मैत्रिणीला सांगून टाकलं आणि तिथेच फसली. कारण मैत्रीण म्हणजे 'तोफ'. तोफेला एखादी गोष्ट कळली की वर्गाला कळते, आणि वर्गाला कळली की माघार संपली.

गोष्ट भागूनेच लिहिली होती. पाण्याच्या टाकीवर कबुतराचं पिल्लू अडकलेलं असतं आणि एक शूर मुलगी लोखंडी शिडी चढून त्याला वाचवते. शूर मुलगी अर्थात तोफ. पिल्लू म्हणून एक राखाडी मोजा घेतला होता.

आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरीकाकूंकडे असायची. त्यांनी ती दिली, पण बोट उगारूनच.

"फक्त आजची दुपार. उद्यापासून गच्चीवर डांबराचं काम आहे, महिनाभर कुलूप! आणि टाकीवर कुणी चढायचं नाही, समजलं?"

"नाही काकू, खालच्या दोन पायऱ्यांवरच अभिनय आहे," भागू म्हणाली. तेव्हा ते खरंच होतं.

आता नीट ऐका, कारण घोळ इथे झाला. गच्चीच्या दारात भागूने मला पिशवीतून काढलं आणि चालतोय की नाही ते बघायला बटण दाबलं. मी चालू झालो. तेवढ्यात खालून काकू कडाडल्या, "दार उघडं टाकू नका गं!" भागू दचकली आणि मला तसाच पिशवीत कोंबून तिने चेन ओढली. बटण बंद करायचं राहिलंच. पिशवीतल्या अंधारात मी चालू!

मग मला स्टँडवर चढवलं. तोफेने केस सोडले, मोजा छातीशी धरला, भागू ओरडली, "ॲक्शन!" आणि तिने बटण दाबलं.

मी बंद झालो.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! तोफेने इतका सुंदर अभिनय केला, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं, आणि मी ठार आंधळा. "कट!" म्हणून भागूने बटण दाबलं की मी चालू. मग त्या दोघी भांडताहेत, पाणी पिताहेत, खेळाच्या बाईंची नक्कल करताहेत, ते सगळं मी इमानेइतबारे टिपतोय. पुन्हा "ॲक्शन!", पुन्हा मी बंद. नळीत डोळा घातला असता तर एका क्षणात कळलं असतं, पण भागूला चष्मा आहे. नळीला डोळा लावला की काच धुरकटते, म्हणून ती माझ्या डोक्यावरून बघत होती. आणि लाल दिव्यावर पट्टी! मी आतून ओरडत होतो, अगं बाई, उलटं झालंय सगळं, उलटं! पण कॅमेऱ्याला आवाज साठवता येतो, काढता येत नाही.

"झालं की गं! चल," शेवटच्या 'कट'नंतर तोफ म्हणाली.

भागू शिडीकडे बघत होती. "शिडी उंच वाटतच नाही. खालून घेतलं ना, म्हणून. वरून घ्यायला हवं, मग खाली गच्ची अशी लांब दिसेल."

"वरून कोण घेणार?"

"मी," भागू म्हणाली.

ती काय बोलली ते तिला तरी कळलं का, कोण जाणे. तिच्या डोक्यात चित्र आलं होतं, आणि चित्र आलं की तिला बाकी काही दिसत नाही. काकूंना दिलेला शब्दही दिसला नाही. तिने मला गळ्यात अडकवलं आणि ती चढू लागली. मी चालूच होतो. गंजलेली लोखंडी पायरी, तिची हनुवटी, आभाळ, पुन्हा पायरी. माझ्या पट्ट्याची एक शिवण उसवलेली आहे हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. पट्टा टिकला, पण मी टक्कन शिडीवर आपटलो. मला तो कारखान्यातला आवाज आठवला.

अर्ध्याच्या वर गेल्यावर भागूने खाली बघितलं.

"तोफे."

"काय?"

"माझे पाय माझं ऐकत नाहीयेत."

"म्हणजे?"

"म्हणजे वर जाता येत नाहीये आणि खाली पण येता येत नाहीये." तिचा आवाज बारीक, चिरका झाला होता. शिडी थरथरत होती, का तीच थरथरत होती, मला सांगता येणार नाही. तिची बोटं लोखंडावर पांढरी पडली होती. "मी पडणारे. तोफे, मी पडणारे गं!"

"काकूंना बोलवू?"

"नको! जाऊ नकोस! मला सोडून जाऊ नकोस!"

तोफ मोजा टाकून शिडीपाशी धावली. वर भागूचं मुसमुसणं चालूच होतं. मग तोफेचा आवाज आला, पण तो तोफेचा वाटतच नव्हता.

"मी पण घाबरलेय. खूप. पण मी येतेय वर, थांब."

शिडी हलली. भागू किंचाळली.

"अगं, मीच आहे! हे बघ, तुझी टाच माझ्या हातात आहे. लागतोय हात?"

"हो."

"मग फक्त ही टाच. बाकीच्या भागूचं मला काही सांगू नकोस. ही टाच खाली आण. मी धरलीय."

"नाही येत."

"येईल. रड हवं तर, पण टाच आण."

टाच आली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. मी हेलकावे खात होतो, कधी आभाळ, कधी गंज, कधी नुसता तिच्या फ्रॉकचा निळा रंग. शेवटी पाय गच्चीला लागले आणि दोघी तिथेच फतकल मारून बसल्या, एकमेकींना घट्ट धरून.

"हे कुणाला सांगायचं नाही," भागू म्हणाली. "शपथ?"

"शपथ."

आणि मी ते ऐकत होतो. चालू होतो ना!

संध्याकाळी इमारतीच्या तळमजल्यावरच्या मामांच्या दुकानात संगणकावर सगळं लावलं. पडद्यावर आधी मिट्ट काळोख आणि चेनचा आवाज. मग खेळाच्या बाई. मग पाणी पिणं. अभिनय नाही. पिल्लाची सुटका नाही. काहीच नाही. भागूचा चेहरा बघवेना.

मामांनी कपाळावर हात मारला. "उलटं बटण! अगं, या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाचं हे एकदा तरी होतंच."

"पण मामा, उद्या शेवटची तारीख आहे! आणि गच्चीला कुलूप!"

तेवढ्यात शिडी आली. भागू ताडकन उठली. "बंद कर. मामा, पुसून टाक ते. प्लीज."

मामा हलले नाहीत. शेवटपर्यंत बघत राहिले. त्यांचा हात माउसवर होता आणि मी टेबलावर पडल्या पडल्या त्या हाताकडे बघत होतो. एक टिचकी मारली की आयुष्यात पहिल्यांदा टिपलेली खरी भीती गेली असती. भंगारवाल्याला घाबरलो नव्हतो इतका मी त्या टिचकीला घाबरलो.

"हेच पाठव," तोफ म्हणाली.

"वेडी आहेस? विषय धाडस आहे आणि मी रडतेय! माझं नाक वाहतंय!"

"नाक दिसत नाही. फक्त ऐकू येतं."

"सगळी शाळा हसेल मला."

"हसेल," तोफ म्हणाली. खोटं बोलणं तिला जमतच नाही.

मामा हळूच म्हणाले, "मी उभं आयुष्य लोकांना 'हसा, हसा' म्हणत चित्रीकरण केलं. असं कुणी मला कधी टिपू दिलं नाही." मग गडबडीने, "पण तुझं आहे. तू म्हणशील तर पुसतो."

भागू पडद्यावरच्या पांढऱ्या बोटांकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, आता ही नेहमीसारखं शेवटची तारीख उलटायची वाट बघणार. ती उठली आणि दाराबाहेर गेली. गेली ती थेट सेक्रेटरीकाकूंकडे. टाकीवर चढलो होतो म्हणून तिने स्वतः जाऊन सांगितलं. काकूंचा आवाज दुकानापर्यंत आला! परत आली तेव्हा तिचे कान लाल होते. तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "सरक, मामा. चेनच्या आवाजापासून सुरुवात ठेवू या."

लघुपटाचं नाव तिने ठेवलं 'टाच'.

निकालाच्या दिवशी तिने मला गळ्यात अडकवून मांडीवर घेतलं होतं. तिचे तळवे ओले होते, मला ओल चालत नाही, पण मी काही बोललो नाही. एकेक लघुपट लागत होते. तलवारी, मुखवटे, आगीतून वाचवलेली बाळं! मग आमचा काळोख लागला, आणि चेन. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. नाकाच्या आवाजाला तर अख्खी रांग हसली. भागूने मला इतकं आवळलं की माझं झाकण करकरलं.

मग शिडी हलली, पडद्यावरची भागू किंचाळली, आणि हसणं थांबलं. समोरच्या खुर्चीतल्या मुलीने नकळत पाय वर घेतले. "फक्त ही टाच," तोफ पडद्यावरून म्हणाली, आणि सभागृहात इतकी शांतता होती की मला माझाच जुना आवाज ऐकू आला, शिडीवर आपटल्याचा.

पहिलं बक्षीस एका तलवारीला मिळालं. दुसरंही आम्हाला नाही. मग परीक्षक बाई म्हणाल्या, "शिबिरासाठी आम्ही निवडलेल्यांपैकी, 'टाच' जिची आहे तिने मंचावर यावं."

भागू उठली. मीही तिच्या गळ्यात लोंबकळत मंचावर गेलो. बाईंनी ध्वनिक्षेपक तिच्यापुढे धरला. "शिडीवर असताना तुला नेमकं काय वाटत होतं?"

भागूने समोर बघितलं. केवढी डोकी!

"आत्ता वाटतंय तसंच," ती म्हणाली.

सगळे हसले. आणि मित्रांनो, तीही हसली, आवाज थरथरत असतानाच.

तुमच्याही घरी एखाद्या कपाटावर माझा भाऊबंद पडला असेल. त्याची धूळ मऊ फडक्याने पुसा. काचेवर बोट लावू नका, गुदगुल्या होतात आणि डाग पडतो. गादीखाली गोष्टी असतील तर त्या तारखेच्या आत पाठवून द्या, हात कापत असले तरी पाठवा. टाकीवर मात्र चढू नका, माझं हृदय एवढं मजबूत नाही.

परवापासून शिबिर आहे. नदीवर नेणार आहेत म्हणे, होडीत बसून चित्रीकरण शिकायला. होडीत! पाण्यावर! हलत्या होडीत भागू आणि तिच्या गळ्यात मी! मला कुणीतरी वाचवा.

नको, राहू दे. फक्त बॅटरी भरून ठेवा.