वाऱ्यातले चार तास

पैज लागली ती एक्स-रेवरून. डॉक्टरांनी दिलेली ती काळी फिल्म टेलरबाईंनी दुकानाच्या खिडकीत, ट्रायलच्या पडद्याशेजारी, दोन टाचण्यांनी लटकवली आणि नवऱ्याची छाती दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर ठेवली. लाजेकाजेस्तव तरी सिगारेट सोडेल, असा त्यांचा बेत. नवरा बस डेपोत टाइमकीपर. तीस वर्षं गाड्या सोडण्यात गेलेली, आणि एक गाडी सुटली की एक सिगारेट, हा त्याचा नेम. संध्याकाळी तो दुकानात आला, स्वतःची फुप्फुसं खिडकीत टांगलेली बघितली आणि म्हणाला, "फिटिंग बरं आलंय."

"हसण्यावारी नेऊ नका."

"बरं, नाही नेत. तू ती तुझी मॅरेथॉन चार तासांच्या आत पळून दाखव. त्या दिवसापासून सिगारेट बंद. एका सेकंदानं जरी चुकलीस, तरी पुन्हा हा विषय काढायचा नाही."

माणूस मोठा बेरकी. बाईंचं वय बावन्न, आणि आजवरची सगळ्यात चांगली वेळ चार तास एकोणीस मिनिटं. एकोणीस मिनिटं म्हणजे काही पॅन्टची उंची नव्हे, दुमडून टीप मारली की झालं. पण बाईंनी दातातली टाचणी काढली आणि म्हणाल्या, "लागली."

त्यानंतरचे अकरा महिने त्या पहाटे उठून पळाल्या, दिवसभर मशीनवर बसल्या, आणि रात्री गरम पाण्यात पाय सोडून पेंगल्या. गंमत म्हणजे वेळापत्रक टाइमकीपरनंच करून दिलं. एका किलोमीटरला पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद, असं बेचाळीस ओळींचं, डेपोच्या अक्षरात, रेघा मारून. जिंकली तर आपलंच नुकसान आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण वेळापत्रक चुकीचं करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. शर्यतीच्या दिवशी ते त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या मनगटाला चिकटपट्टीनं बांधलं. खिशात सिगारेटचं नवंकोरं पाकीट आणि काडेपेटी होतीच. "मी शेवटच्या वळणावर कठड्याशी उभा आहे," तो म्हणाला, आणि खोकला.

वेळापत्रकात वारा धरलेला नव्हता.

रस्ता असा होता, की पाण्याच्या काठाकाठानं एकवीस किलोमीटर सरळ जायचं, एका खांबाला वळसा घालायचा आणि तसंच परत यायचं. सुरुवातीच्या रेषेवर झेंडे जायच्या दिशेला ताठ झाले होते. वारा पाठीवर होता, त्यामुळे सगळी मंडळी खूश. आत्ता पाठीवर आहे तो येताना तोंडावर येणार, हे गणित लहान पोरालाही सुटलं असतं, पण कोणी सोडवायला बसलं नाही. बाईसुद्धा बसल्या नाहीत. त्यांना वाटलं, इतकं वर्षभर केलंय, थोडं कोणीतरी ढकलू दे की.

आणि वाऱ्यानं ढकललं. पाय जमिनीला लागतायत की नाही कळेना. दुकानं, बंद शटरं, बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी, सगळं मागे सरकत गेलं. चादरीसुद्धा त्यांच्याच दिशेला निघाल्या होत्या. आवाज कमी झाले, कारण आवाजही वाऱ्याबरोबर पुढे निघून जात होते. बाईंना मध्येच वाटलं, आपण झोपेत आहोत आणि कोणीतरी अंगावरचं पांघरूण हलकेच ओढतंय. एकविसाव्या ओळीवर एक तास एकोणसाठ मिनिटं लिहिली होती. त्या पोचल्या तेव्हा घड्याळात एक सत्तावन्न होते. दोन मिनिटं हातात शिल्लक. खांबाला वळसा घालताना त्यांना चक्क हसू फुटलं.

वळल्याबरोबर वाऱ्यानं ते हसू तोंडातच दाबलं.

हा वारा वेगळाच होता. तोच होता, पण समोरून बघितल्यावर माणूस वेगळा दिसतो तसा. श्वास नाकापर्यंत यायचा आणि परत जायचा. पुढचे चार किलोमीटर त्या नुसत्या ढकलत राहिल्या, आणि हातातली मिनिटं कापसासारखी उडायला लागली. मग एका क्षणी वारा थांबला. निदान त्यांना तसं वाटलं. मान वर करून बघितलं तर समोर एक पाठ होती.

पाठ म्हणजे खरं तर शर्ट. पिवळा, आणि माणसाच्या मानानं अवाढव्य. वारा पुढच्या बाजूनं आत शिरत होता आणि शर्ट मागे तंबूसारखा फुगत होता. त्या तंबूच्या मागे हातभर अंतरावर एक शांत जागा होती. बाई त्या जागेत शिरल्या आणि तिथेच राहिल्या.

त्यानंतर किती वेळ गेला ते घड्याळाला माहीत. बाईंना फक्त पाठ माहीत होती. तीस वर्षं त्यांनी माणसं मागून बघितली होती. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, आपला चेहरा बघतं, आणि शिंपी त्याच्या पाठीशी. आता त्या सगळ्या पाठी एकेक करून रस्त्यावर आल्या. शाळामास्तरची वाकलेली पाठ आली, नव्या नवरीची ताठ पाठ आली, एक खांदा खाली असलेल्या पोस्टमनची आली. कोणाला कुठे किती सोडायचं, कुठे किती घ्यायचं, ते बोटांना आठवत होतं. सगळे न बोलता पुढे पळत होते, कोणाचेच पाय वाजत नव्हते. मग नवऱ्याची पाठ आली. लग्नातला बेचाळीस मापाचा कोट. गेल्या वर्षी त्याच्या शर्टाच्या दोन्ही बाजू इंचभर आत घेतल्या होत्या, आणि चार महिन्यांनी पुन्हा इंचभर. तो म्हणाला होता, तुझं मापच चुकलं असेल. बाईंची मापं चुकत नाहीत. डॉक्टरांच्या आधी, एक्स-रेच्या आधी, त्यांना टेपनं सांगितलं होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मशीनवर बसून एकट्याच रडल्या होत्या आणि तोच शर्ट इस्त्री करून त्याला दिला होता.

पिवळा शर्ट जरा डगमगला, आणि बाकीच्या पाठी विरून गेल्या.

तेहतिसावा किलोमीटर होता. मनगटावर तीन तास सात मिनिटं तेहतीस सेकंद, घड्याळात तीन सात दहा. अजून तेवीस सेकंद पुढे होत्या. तंबूच्या मागे राहिलं तर जमणार होतं. पण तंबूतल्या माणसाचा श्वास आता कोरड्या पंपासारखा येत होता, आणि बाईंच्या डोळ्यांनी, त्यांना न विचारता, माप घ्यायला सुरुवात केली. खांद्याची शिलाई दंडावर उतरलेली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त. माणूस वाऱ्याशी नव्हे, कापडाशी झगडत होता. आणि हे कापड काही मोठं विकत घेतलेलं नव्हतं. काखेत जुन्या घामाचे डाग होते, ते आत्ताच्या काखेपासून लांब पडले होते. शर्ट होता तिथेच होता, माणूस आत आत गेला होता.

बघू नकोस, बाईंनी स्वतःला बजावलं. हा फुगलाय म्हणून तुझं भागतंय. तुला आणखी नऊ किलोमीटर फक्त एवढंच करायचंय, की काही करायचं नाही.

अर्धा किलोमीटर त्यांनी काही केलं नाही. तो अर्धा किलोमीटर फार लांब होता.

"अहो भाऊ," शेवटी त्या म्हणाल्या, "जरा थांबा. शर्ट घेऊ द्या."

त्यानं वळून बघितलं. पन्नाशीचा असेल, डोळे खोल गेलेले. "काय घेऊ द्या?"

"शर्ट. आत घेते. टेलर आहे मी. हात वर करा."

कसं कोण जाणे, पण शिंप्यानं हात वर करा म्हटलं की माणूस करतो. बाईंच्या छातीवरच्या नंबराला चार पिना होत्या. त्यातल्या खालच्या दोन त्यांनी काढल्या, शर्टाच्या मागे मधोमध कापड मुठीत गोळा केलं, उभी चुणी घातली, वर एक पिन, कमरेशी एक. बोटं गारठली होती, एक पिन दोनदा निसटली. पण चुणी सरळ आली. वाकडी आली असती तर त्यांना झोप लागली नसती.

"गेल्या वर्षी हाच मला घट्ट व्हायचा," तो माणूस समोर बघत म्हणाला.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "जा आता."

आणि तो गेला. अगदी सुटल्यासारखा गेला. शंभर पावलांत त्याचा पिवळा रंग लहान झाला. आडोसा त्याच्याबरोबर गेला. बाई एकट्या उरल्या, छातीवरचा नंबर अर्धा सुटून फडफडत होता, आणि समोरून आख्खा वारा येत होता. घड्याळात बघितलं तर पस्तीस सेकंद गेले होते. वा गं शहाणे, त्या मनात म्हणाल्या. नवऱ्याची छाती दिलीस आणि परक्याचा शर्ट घेतलास.

मग मात्र त्या पळाल्या. कसं पळाल्या ते सांगता येत नाही, कारण त्यांनाही नंतर आठवलं नाही. रस्ता एकीकडे पाण्यासारखा वाहत होता आणि त्या जागच्या जागी होत्या. कधी वाटे आपण मशीनचं पायडल मारतोय आणि रस्ता सुईखालून सरकतोय. कधी वाऱ्यात नवऱ्याचा खोकला ऐकू येई, अगदी कानाशी, आणि त्या पाय उचलत. अडतीस, एकोणचाळीस. मनगटावरचं डेपोचं अक्षर पुसट झालं होतं, पण आकडे पाठ होते. चाळिसाव्याला पन्नास सेकंद मागे होत्या. शेवटच्या वळणावर डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वाऱ्यानं कानाकडे नेलं. कठड्याशी कोण उभं होतं ते दिसलंच नाही. फक्त एक आवाज आला, "डावीकडून, डावीकडून जा, तिथे भिंतीचा आडोसा आहे." त्या डावीकडून गेल्या.

शर्यत संपायच्या कमानीखालून पुढे आल्यावर त्या फुटपाथच्या कडेला बसल्या. कोणीतरी अंगावर चंदेरी कागद टाकला. टाइमकीपर गर्दीतून वाट काढत आला. हातात त्याचं स्टॉपवॉच होतं.

"किती?" बाईंनी विचारलं.

त्यानं स्टॉपवॉचकडे पुन्हा एकदा बघितलं. तीस वर्षांत त्यानं एका गाडीचंही अर्धं मिनिट इकडचं तिकडे लिहिलं नव्हतं.

"चार तास सदतीस सेकंद," तो म्हणाला.

बाईंनी डोळे मिटले. रडू येत नव्हतं, त्यालाही दम लागतो. डोळे उघडले तेव्हा त्याच्या बोटांत सिगारेट दिसली. मळकी, चुरगळलेली, एका टोकाला काळी, पण पेटलेली नाही.

"पेटवा की," त्या म्हणाल्या. "मी हरलेय. शब्द म्हणजे शब्द."

"सकाळपासून तेच करतोय." त्यानं काडेपेटी उघडून दाखवली. आत एकच काडी होती. "ह्या वाऱ्यात एक टिकेल तर शपथ. ही तेवढी ठेवली, तू आल्यावर ओढू म्हणून."

बाईंनी मागे बघितलं. कठड्यापासून वीस पावलांवर तिकीटघराची लांब भिंत होती. तिच्या आडोशाला पाच-सहा बाप्ये निवांत धूर सोडत उभे होते. "तिथे जायचं ना. ते बघा, सगळे ओढतायत."

"तिथून वळण दिसत नाही," तो म्हणाला.

सिनेमाच्या मध्यंतरापर्यंत ज्याला दम निघत नसे, तो माणूस चार तास उघड्या वाऱ्यात, खिशात पाकीट ठेवून, एका वळणाकडे बघत उभा होता. बाईंना एकदम त्याची फार माया आली, आणि रागही आला, दोन्ही एकाच जागी.

त्या हातांवर भार देऊन उठल्या. त्याच्यासमोर, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि चंदेरी कागद दोन्ही हातांनी पसरून धरला. त्यांच्या मागे कागद फडफडत होता आणि पुढे, त्या दोघांच्या मध्ये, हातभर जागा शांत झाली.

"पेटवा," त्या म्हणाल्या. "लवकर. फार वेळ उभं राहवणार नाही."

त्यानं काडी पेटीवर टेकवली. मग बाईंकडे बघितलं. ओठ निळे पडलेले, केस कपाळाला चिकटलेले, गुडघे आपसात आपटतायत, आणि बाई त्याच्या सिगारेटसाठी भिंत होऊन उभी. तो बघतच राहिला. काडी तिथेच टेकलेली राहिली.

"बस खाली," तो म्हणाला.

"आधी पेटवा."

"बस म्हटलं ना. पडशील."

त्यानं काडी पेटीत ठेवली, पेटी आणि सिगारेट खिशात, आणि तिच्या दंडाला धरून तिला फुटपाथच्या कडेला बसवलं. स्वतः शेजारी बसला. रिकामा हात त्यानं तिच्याच गुडघ्यावर ठेवला. दोघं समोरून येणारी माणसं बघत होती.

"चार तास तर झाले," थोड्या वेळानं तो म्हणाला. "पाचवा होतो का बघू."