फणीच्या भिंतीवरची देवी

त्या दोन गुरुवारी दुपारी बोर्ली पंचतनच्या कोंडाजी शेटच्या नव्या घरापुढे चपलांचा एवढा ढीग पडला की परत जाताना निम्मे लोक दुसऱ्याच्याच चपला घालून गेले. पण आत दिवाणखान्याच्या भिंतीवर साक्षात देवी प्रकट होत असताना चपलांची काळजी कोण करणार?

गोष्ट एकोणीसशे एकोणसाठ सालची. शेटने मुंबईच्या एका सिनेमागृहात उभ्या लाकडी पट्ट्यांची भिंत पाहिली होती. घरी येऊन त्याने दिवाणखान्याची एक अख्खी भिंत तशीच करून घेतली. प्रत्येक सागवानी पट्टी दोन बोटं पुढे आलेली आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर खाच. शेट तिला ऐटीत ‘पॅनेल’ म्हणे. गाव ‘फणीची भिंत’ म्हणे. घरात झाडलोट करणारी ठमी काहीच म्हणत नसे. त्या खाचांतली धूळ काढता काढता तिची नखं झिजली होती.

मग निर्लेपानंद महाराज आले. भिंत बघताच त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात थरथरवले आणि म्हणाले, “कोंडाजी, ही भिंत नव्हे, आसन आहे. आई बसायला कधीची जागा शोधते आहे.”

आईची अशी गैरसोय होऊ नये म्हणून शेटने दिवाणखाना महाराजांच्या ताब्यात दिला. सात दिवस दार बंद. आत अनुष्ठान. दाराच्या फटीतून टर्पेंटाइनचा वास यायचा. शेटची बायको आवडाबाई हिने भीत भीत विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “माउली, स्वर्गात असाच सुगंध असतो.” नव्या खिडक्यांना रंग दिला तेव्हाही घराला असाच वास येत होता, हे ठमीला आठवलं. पण कामवालीने स्वर्गाबद्दल बोलू नये, एवढं तिला कळत होतं.

आठव्या दिवशी, गुरुवारी, दरबार भरला. पुरुषांनी ओटीच्या दाराने येऊन उजवीकडे बसायचं, बायकांनी स्वयंपाकघराच्या दाराने येऊन डावीकडे. मधल्या मोकळ्या जागेत धुनी पेटलेली. ती आईची वाट, ती कुणी ओलांडायची नाही. भिंतीला हात लावायचा नाही.

“ज्याचं मन धुतलेलं त्याला आई दिसेल,” महाराज गंभीरपणे म्हणाले. “मनात मळ असेल त्याला लाकूड दिसेल. लाकूड दिसलं तर लाजू नका. फक्त मोकळ्या मनाने सांगा, म्हणजे तुमच्या पापाचा विचार सगळ्या गावासमोर करता येईल.”

भिंतीवर टाकलेला पडदा सरकला. पुरुषांच्या बाजूने एकदम हुंकार उठला. हिरव्या शालूतली, हातात कमळ घेतलेली देवी तिकडच्या सगळ्यांना दिसली. दारूत बुडालेल्या नामालाही दिसली, त्यामुळे त्याचं मन धुतलेलं असल्याचं गावाला प्रथमच कळलं.

ठमीला दिसलं ते लाकूड. तिने डोळे चोळले. तरी लाकूडच. आवडाबाईच्या डब्यातला गुळाचा खडा आपण दोनदा तोंडात टाकला होता, तो आता भोवला, असं तिला वाटलं. शेजारी सोनाबाई हात जोडून डोळे पुसत होती. म्हणजे हिला दिसली, ठमीने मनाशी म्हटलं, आणि तीही मोठ्याने म्हणाली, “दिसली गं बाय, दिसली.” मागे बसलेल्या सगळ्या बायकांना एकामागून एक देवी दिसत गेली.

फक्त सोनाबाईची सून तुळशी गप्प होती. पाचवा महिना लागलेली, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली पोर.

“तुला काय दिसतं, बाळे?” महाराजांनी विचारलं.

“लाकूड,” तुळशी म्हणाली. “मला तरी दुसरं काय दिसत न्हाय.”

शेजारच्या बायका तिच्यापासून दूर सरकल्या. महाराजांनी सुस्कारा सोडला. “हिच्या पायाने घरात काळोख शिरतो आहे. बारा गुरुवार माहेरी ठेवा. तरी आई दिसली नाही, तर मुलाच्या दुसऱ्या लग्नाचा विचार करा.”

तुळशीचा नवरा रघू पुरुषांत बसला होता. त्याला देवी लख्ख दिसत होती. त्यामुळे खोट बायकोतच आहे याबद्दल त्याला शंकाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशी गाठोडं घेऊन दिघीला माहेरी निघाली. वाटेत ठमी भेटली.

“आत्ये, तुमाला खरंच दिसली?”

“व्हय,” ठमी म्हणाली, आणि तिने मान खाली घातली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या बुधवारी महाराज हरिहरेश्वरला स्नानाला गेले. दिवाणखान्यात फुलांचा आणि तांदळाचा चिखल झाला होता. आवडाबाईने ठमीला झाडायला पाठवलं. धूळ बसू नये म्हणून तिने पडदा बाजूला सारला आणि ती स्वयंपाकघराच्या दारापासून उकिडवी झाडत झाडत, धुनीची राख गोळा करत, पुरुषांच्या बाजूला पोचली आणि कंबर सरळ करायला उभी राहिली.

समोर देवी.

ठमीच्या हातातली केरसुणी पडली. आईने आपल्याला माफ केलं, असं वाटून तिला रडू फुटलं. हात जोडून ती दोन पावलं मागे, डावीकडे सरली, तर देवीचा शालू तुटक झाला. आणखी दोन पावलं, आणि देवी गेली. लाकूड. ती परत उजवीकडे आली. देवी. डावीकडे. लाकूड. असं तिने सात-आठ वेळा केलं. शेवटी रडणं थांबलं. तिने पदराला हात पुसला आणि जन्मभर धूळ काढलेलं बोट खाचेत घातलं.

गुरुवारी दरबार भरला. पडदा सरकायच्या आधीच ठमी उभी राहिली.

“गेल्या गुरुवारी मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “मला देवी दिसली न्हवती. लाकूड दिसलं. तुळशी खरं बोलली.”

“पाप आपणहून बाहेर आलं,” महाराज झटकन म्हणाले.

“आलं तर आलं. शेट, भिंत तुमची हाय. तुमी जरा हिकडं बायकांत येऊन बसा.”

“आईची वाट ओलांडू नका, कोंडाजी,” महाराज कडाडले.

पण भिंत तुमची म्हटल्यावर शेटला उठावंच लागलं. स्वतः पडदा ओढून, धुनीला वळसा घालून तो डावीकडे आला आणि तोंड उघडं टाकून उभा राहिला. महाराजांनी ज्याला गावातला सर्वांत पुण्यवान म्हटलं होतं, तो माणूस चार पावलांत पापी झाला होता.

“लाकूड,” तो पुटपुटला.

“बायांनो, आता तुमी तिकडं चला,” ठमी म्हणाली. आधी सोनाबाई उठली. मग सगळ्याच. एवढ्या बायकांना कोणती मर्यादा सांगायची, हे महाराजांना सुचेना. उजवीकडे गेलेल्या प्रत्येकीला देवी दिसली, आणि डावीकडे आलेल्या प्रत्येक पुरुषाला, रघूसकट, लाकूड.

ठमीने भिंतीला हात लावला. “ही फणी हाय. दाताला दोन बाजू. उजव्या बाजूला रंग दिलाय, डावीला नुसतं पॉलिश. सगळ्या पट्ट्यांवर चित्राचा येकेक तुकडा. लांबून, तिरकं बघितलं की तुकडे जुळतात. महाराजांनी आपल्याला बसवलं तसं आपल्याला दिसलं.”

आवडाबाई आतून महाराजांचं गाठोडं घेऊन आली. त्यात रुद्राक्षांच्या खाली कुंचले, रंगाचे डबे आणि एका नाटक कंपनीचं जुनं पत्र निघालं. पडदे चांगले रंगवतात, असं त्यात लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. देवी खरोखर सुबक काढली होती.

“आई कोपेल,” महाराज म्हणाले, पण मागच्या दाराकडे सरकत. संध्याकाळी ते गावात नव्हते.

सोनाबाई सुनेला आणायला दिघीला गेली. तुळशीने सासूला पाणी दिलं, जेवू घातलं आणि सांगितलं, “मी बाळंतपण झाल्यावर येईन. तेही न्यायला ते सोता आले तर.” रघूला जावं लागलं. तिच्या बापासमोर मान खाली घालून तासभर बसावं लागलं.

भिंत वाईट नव्हती, रंग वाईट नव्हता. वाईट होती ती भीती, जिच्यामुळे चाळीस बायका लाकूड बघून देवी म्हणाल्या आणि एका खऱ्या बोलणाऱ्या पोरीला घराबाहेर जावं लागलं. म्हणून एवढंच सांगणं आहे. दिसेल ते दिसतं म्हणा, दिसत नसेल ते दिसत नाही म्हणा. आणि कुणी तुमची बसायची जागा ठरवून चमत्कार दाखवायला लागला, तर हात जोडण्याआधी उठा, आणि पलीकडे जाऊन बघा.